डॉन्चिच आल्यानंतर लेकर्सच्या संघाचे भवितव्य काय?

दादरकर: फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये लेकर्स संघाने लुका डॉन्चिचसाठी उंच बचावपटू अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि 2029 च्या ड्राफ्टमधील (नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतील) पहिल्या फेरीची निवड डॅलस संघाला दिली. सकाळी कामावर निघण्यापूर्वी सामने पाहताना मला एकच काळजी वाटते, ती म्हणजे बास्केटखाली आता पहारा कोण देणार?

नागपाडेकर: आपली काळजी रास्त आहे. सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, मार्क विल्यम्सचा सौदा वैद्यकीय तपासणीनंतर रद्द झाला आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) मिनेसोटा संघाने ती उणीव उघडी पाडली. पाचव्या सामन्यात त्यांच्या रूडी गोबेअरने 27 गुण आणि 24 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) मिळवून मालिका संपवली. नागपाड्याच्या मैदानावर खेळलेल्या कोणालाही हे उमगेल की, डॉन्चिच दोन बचावपटूंना स्वतःकडे ओढतो तेव्हा स्क्रीन लावून (बचावपटूची वाट अडवून) बास्केटकडे झेपावणारा उंच सेंटर नसेल, तर त्याचा अर्धा खेळ वाया जातो. म्हणूनच जुलैमध्ये घेतलेला डिआँड्रे एटन मला मोलाचा वाटतो.

वरळीकर: एटनबाबत सहमत, मात्र बाहेरच्या बचावासाठी मार्कस स्मार्टही तितकाच आवश्यक होता. डॉन्चिचने ऑगस्टमध्ये करार वाढवल्यामुळे व्यवस्थापनाला त्याच्याभोवती संघ बांधण्यास उसंत मिळाली आहे. डॅलसला मात्र ड्राफ्टच्या लॉटरीत पहिल्या निवडीची केवळ 1.8 टक्के शक्यता असताना नवोदित कूपर फ्लॅग मिळाला.