मदत हवी आहे: सोसायटीत 'आक्रमक जातीं'वर बंदीचा ठराव येतोय, पर्यायी ठराव कसा लिहू?

विंग_बी
रविवारी सभा आहे. ठरावाचा मसुदा आज ग्रुपवर आला: 'रॉटवायलर, पिटबुल, जर्मन शेफर्ड व तत्सम आक्रमक जातींचे कुत्रे ठेवण्यास मनाई. सध्याच्या मालकांनी ३० दिवसांत कुत्रा इतरत्र हलवावा.' मी कमिटीवर आहे आणि मला हे अजिबात पटलेलं नाही. नुसता विरोध केला तर लोक हात वर करून मोकळे होतील. म्हणून मालकांच्या जबाबदारीचा ठराव मांडायचा आहे. कुणाकडे तयार मसुदा असेल तर टाका, शनिवारी छापायला द्यायचा आहे. बंदी बरोबर की चूक ही चर्चा कृपया इथे नको.

काका_ठाणेकर
चर्चा नको कशी? लखनौला २०२२ मध्ये पिटबुलने घरातल्याच वृद्ध बाईंचा जीव घेतला. त्यानंतर गाझियाबादने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनोवर बंदी आणली. उगाच आणली का? माझी नातवंडं खाली खेळतात. माझा बंदीला पाठिंबा.

शेपूट
गाव कोणतं? कुत्री किती? आणि मुख्य म्हणजे घडलंय काय? अचानक ठराव येत नाहीत.

विंग_बी
पुणे. रॉटवायलर डी विंगमध्ये आहे, एकच. मसुद्याचं सांगा ना कुणीतरी.

कलम_बहाद्दर
आधी हे वाचून दाखवा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बहुमताने काय, एकमतानेसुद्धा सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. लहान कुत्रा चालेल, मोठा चालणार नाही, असाही भेद करता येत नाही. लिफ्टही बंद करता येत नाही.

जातींच्या यादीचं म्हणाल तर केंद्राने १२ मार्च २०२४ ला २३ जातींच्या बंदीचं परिपत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते १० एप्रिलला रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही.

गोड_गोजिरी
रॉटवायलरचं चिकन बंद करून दहीभात सुरू करायला सांगा. आमच्या शेजारच्यांचा अगदी शांत झाला.

शेपूट
खाण्याचा आणि चावण्याचा संबंध नाही हो. पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचं असताना त्याला माणसं, मुलं, स्कूटर, लिफ्ट दाखवली की नाही, यावर पुढचं बरंच ठरतं.
विंग_बी, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. चावलं का कुणाला?

विंग_बी
हो, वॉचमनकाकांना चावलं. पण ते रॉटवायलर नाही. ए विंगमधला लॅब्रॅडॉर.

शेपूट
अहो, मग हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! नीट सांगा कसं झालं ते.

विंग_बी
तळमजल्यावर लिफ्ट उघडली आणि कुत्रा आधी बाहेर आला. मालक मागे, फोनवर. पट्टा तो लांब होणारा, खटक्याचा, आणि खटका लावलेला नव्हता. काका पार्सल घेऊन दारातच उभे होते, त्यांच्या हाताला दात लागले. ग्रुपवर 'कुत्रा चावला' एवढंच फिरलं आणि दोन दिवसांत त्याचा रॉटवायलर झाला. डी विंगवाले कायम आखूड पट्ट्याने नेतात, मझल (चावू नये म्हणून तोंडावरची जाळी) लावतात, लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढच्या लिफ्टसाठी थांबतात. आणि घर सोडायची पाळी त्यांच्या कुत्र्यावर.

काका_ठाणेकर
हे मला माहीत नव्हतं. तरीही रॉटवायलरचा चावा आणि लॅबचा चावा एक नाही. जबड्यात फरक आहे.

शेपूट
फरक आहे, मान्य. म्हणूनच मोठ्या कुत्र्याच्या मालकाने जास्त काळजी घ्यायची आणि डी विंगवाले ती घेत आहेत. तुमच्या बंदीने उद्या वॉचमनला चावणारा कुत्रा थांबतोय का, एवढं सांगा.

थेम्सकाठी
लंडनहून लिहितोय. इथे १९९१ पासून धोकादायक कुत्र्यांचा कायदा आहे, ठरावीक जातींवर बंदीही आहे. २०२३ च्या अखेरीस त्यात एक्सएल बुली आला. आधीपासून ज्यांच्याकडे तो होता त्यांना नसबंदी, मायक्रोचिप, विमा, बाहेर मझल आणि पट्टा या अटींवर ठेवता येतो. पण त्याच कायद्यात दुसरं कलम आहे: कोणत्याही जातीचा कुत्रा आवाक्याबाहेर गेला तर मालक जबाबदार, आणि २०१४ पासून स्वतःच्या घरातसुद्धा. मला ते जास्त कामाचं वाटतं. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि चावे कमी होत नाहीत म्हणून २००८ मध्ये ती मागे घ्यायचं ठरवलं.

गेटबाहेर
आधी गेटवरच्या भटक्या कुत्र्यांचं बोला. रात्री दुचाकीमागे लागतात.

कलम_बहाद्दर
त्याला प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ आहेत. वेगळा धागा काढा, येतो तिथे.

कडक_शिस्त
सरळ चाव्यामागे २५,००० दंड लावा. लोक आपोआप सुधारतात.

कलम_बहाद्दर
दंड लावता येत नाही, त्याच सूचनांमध्ये आहे. पट्टा आणि विष्ठा उचलणं याबाबतही सोसायटी विनंतीच करू शकते. धाक हवा असेल तर तो कायद्यात आहे. भारतीय न्याय संहिता, कलम २९१: प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठरावात हे कलम छापा आणि मालकांकडून स्वेच्छेने हमीपत्र घ्या.

रानजाई
सगळे कुत्र्यावर आणि कायद्यावर बोलताय. वॉचमनकाकांची इंजेक्शनं पूर्ण झाली का? जखम साबणाने पंधरा मिनिटं धुतली होती का? रेबीज झाला की वाचवता येत नाही. कुत्र्याला लस दिलेली असली तरी ०, ३, ७, १४, २८ हे वेळापत्रक डॉक्टरांना विचारल्याशिवाय मध्येच सोडायचं नाही.

विंग_बी
आत्ता फोन केला. तीन झाली. चौथं उद्या आहे, सुट्टी मिळत नाही म्हणून ते जाणार नव्हते. उद्या मी सोबत जातेय आणि त्यांची सुट्टी लावून घेतेय.

मसुदा असा करतेय, चुकत असेल तर लगेच सांगा:
१. प्रत्येक कुत्र्याचा महापालिका परवाना आणि रेबीज लसीची तारीख दरवर्षी कार्यालयात द्यावी.
२. लिफ्ट, जिना, लॉबीत आखूड पट्टा. लांब होणारा पट्टा नको. पट्टा मोठ्या माणसाच्या हातात, मुलांच्या नाही.
३. लिफ्टमधून आधी माणूस बाहेर, मग कुत्रा.
४. मोठ्या कुत्र्यांना गर्दीच्या वेळी जाळीचा मझल लावावा, तोंड उघडून धापा टाकता येतील असा.
५. चावल्यास उपचाराचा, प्रवासाचा आणि बुडालेल्या पगाराचा खर्च मालकाचा. त्याच आठवड्यात कुत्र्याला डॉक्टर आणि प्रशिक्षकाकडे न्यावं.
६. प्रत्येक मालकाने वरील गोष्टींचं हमीपत्र स्वेच्छेने द्यावं. सोबत कलम २९१ ची प्रत.
डी विंगवाले पहिली सही करायला तयार आहेत.

काका_ठाणेकर
पाचवं चांगलं आहे. हे सगळं पाळलं गेलं तर माझी हरकत नाही. पण पाळतंय कोण ते बघणार कोण? दोन नावं घाला.

शेपूट
चौथ्यातलं 'मोठ्या' काढा. 'पूर्वी कुणावर धावून गेलेल्या किंवा चावलेल्या कुत्र्याला' असं करा, म्हणजे लॅबही त्यात येईल. आणि लावावा नको, 'लावण्याची विनंती'.

विंग_बी
दोन्ही बदलले. नावं दोन घातली, एक माझं, एक ए विंगमधल्या काकूंचं. लॅबच्या मालकांशी आज रात्री बोलते, त्यांना सभेतच पहिल्यांदा कळायला नको.