फ्लॉपी आयरिस: ढिलं, लुळं की सैल बुबुळ?

मोतीबिंदूच्या रुग्णांसाठी एक पानी पत्रक मराठीत करतोय. 'फ्लॉपी आयरिस'पाशी अडलोय, म्हणजे टॅमसुलोसिनसारख्या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी आयरिस (बाहुलीभोवतीचा पडदा) ताठ न राहणं. 'शिथिल परितारिका' लिहिलं तर आमच्या आप्पांना ढिम्म कळणार नाही, आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतात ते तेच.

— परितारिका आधी काढा. दहावीच्या पुस्तकातही आयरिसला 'बुबुळ'च आहे. मी 'लुळं बुबुळ' म्हणेन.

— लुळं नको हो! आप्पांच्या वयाच्या माणसाला त्यात अर्धांगवायू दिसतो. शिवाय पेपरात 'बुबुळ प्रत्यारोपण' छापतात ते कॉर्नियाचं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पारपटलाचं. एकच शब्द दोन्हीकडे चालतो, म्हणून 'बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा' असं एकदा उलगडून लिहा.

— नेत्रविभागाच्या थिएटरमध्ये काम करते. आमच्याकडे कुणीच भाषांतर करत नाही. 'आयरिस फ्लॉपी आहे, हुक काढून ठेवा' एवढंच. पण दिसतं कसं ते सांगते. आत पाणी खेळवलं की पडदा शिडासारखा फुगतो, हेलकावतो, छेदातून बाहेर डोकावतो. आणि थेंब घालून मोठी केलेली बाहुली डोळ्यांदेखत आकसत जाते. मग आत फिनाइलेफ्रिन हे बाहुली मोठी करणारं औषध सोडायचं, नाहीतर बारीक हुकांनी किंवा मॅल्युगिन रिंग नावाच्या छोट्या कड्याने बाहुली ताणून धरायची. हे सगळं आधी ठाऊक असलं तर तयारी करता येते. चँग आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी २००५ मध्ये टॅमसुलोसिनशी याचा संबंध दाखवला, तेव्हापासून 'लघवीची गोळी चालू आहे का?' हा प्रश्न आलाच.

— हेलकावतो, मग 'सैल'च बरं. नाडी सैल होते तसं. ढिला म्हटलं की स्क्रू आठवतो.

— थोडं अवांतर: बाहुली हा शब्द काय नेमका आहे! समोरच्याच्या डोळ्यात आपलंच इवलं रूप दिसतं ना. संस्कृत 'कनीनिका' म्हणजेही लहान मुलगी, आणि लॅटिन 'प्युपिला'चा अर्थही चिमुकली बाहुलीच.

— 'सैल' घेतो. आता वाक्य असं: 'प्रोस्टेटची गोळी घेत असाल, पूर्वी घेतली असेल, तरी डॉक्टरांना सांगा, तिने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडू शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.'

— 'पूर्वी घेतली असेल तरी' ठळक करा. बंद करून वर्षं झाली तरी पडदा सैल असू शकतो, आणि लोक नेमकं तेच सांगत नाहीत.