मदत हवी आहे : मुलांना सूर्यावरचे डाग दाखवायचेत, दुर्बिणीसोबत आलेली काळी काच वापरू का?

नमस्कार. मी सोलापूरजवळच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. शाळेच्या कपाटात देणगीत आलेली जुनी दुर्बीण सापडली. भिंग ६० मिमीचं, नाभीय अंतर ७०० मिमी. डबीत एक छोटी काळी काच आहे, आयपीसला (डोळा लावायच्या टोकाच्या भिंगाला) पेचाने बसणारी, कडेला ‘सन’ असं लिहिलेली. काल मधल्या सुट्टीत एक मुलगा घरून आणलेली एक्स-रेची फिल्म डोळ्यांना लावून मैदानात सूर्याकडे बघत उभा होता. माझ्या पोटात गोळाच आला. मुलांना नुसतं ‘बघू नका’ म्हणून भागणार नाही, नीट दाखवायलाच हवं. ही काच चालेल का?

दुसरं म्हणजे, माझे मामंजी मंगळवेढ्याला ज्वारी करतात. सूर्यावर डाग वाढले की पाऊस दडी मारतो, बहात्तरचा दुष्काळ तसाच पडला, असं ते ठामपणे सांगतात. मुलंही विचारतात, मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसला जातो तो या डागांमुळे का? काय सांगू?

प्रतिसाद १

ताई, ती काच आजच फोडून टाका, म्हणजे पुन्हा कुणाच्या हाती लागणार नाही. भिंगाने गोळा केलेलं सगळं ऊन नेमकं त्या काचेपाशी एकवटतं. ती तापून अचानक तडकते आणि मागे मुलाचा डोळा असतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजतंय हे मुलाला समजतच नाही, दिसेनासं होतं ते काही तासांनी. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल, सगळं बाद. ग्रहणाचा चष्माही फक्त नुसत्या डोळ्यांसाठी, दुर्बिणीला डोळा लावताना कधीच नाही.

वर्गासाठी पडद्यावर प्रतिमा पाडा. बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीला आधी टोपण लावा. नळीची जमिनीवरची सावली सर्वांत लहान झाली की दुर्बीण सूर्याकडे वळली असं समजा, डोळा लावून नेम धरू नका. २० मिमीचा आयपीस लावून मागे फूटभरावर पांढरा पुठ्ठा धरला की साधारण १० सेंमीचं सूर्यबिंब पडेल. आयपीस प्लास्टिकचा नको, वितळतो. पुठ्ठ्यावर सावली हवी, त्यासाठी नळीभोवती आपली सोलापुरी चादर टाका. सकाळी आठ-नऊला हवा शांत असते, तेव्हा बिंब कमी थरथरतं. आणि तुम्ही दुर्बिणीपासून क्षणभरही हलू नका, कुणीतरी वाकून आयपीसमध्ये बघणारच.

प्रतिसाद २

मामंजींचं निरीक्षण टाकाऊ समजू नका, खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १८०१ मध्ये डाग आणि गव्हाचे भाव यांचा संबंध लावून बघितला होता. पण बहात्तरचा दाखला जुळत नाही. डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि ओसरतात. त्या वेळच्या चक्राचा उच्चांक १९६८ च्या अखेरीस होता आणि नीचांक १९७६ मध्ये, म्हणजे बहात्तर अधेमधे येतं. त्या वर्षी प्रशांत महासागरात जोरदार एल निनो (समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) होता, तो आपल्या मान्सूनला मारक ठरतो.

डाग आजूबाजूपेक्षा थंड असतात, सुमारे ४००० केल्विन, बाकी पृष्ठभाग ५८०० च्या आसपास. तरी डाग वाढतात तेव्हा सूर्य किंचित जास्तच तेजस्वी असतो, कारण भोवतालचे उजळ भाग डागांची तूट भरून काढतात. अकरा वर्षांच्या चक्रात हा फरक जेमतेम ०.१ टक्का, जगाच्या तापमानात साधारण ०.१ अंश. २०१४ च्या सुमाराला उच्चांकाला पोचलेलं चक्र शंभर वर्षांतलं सर्वांत दुबळं होतं, तरी २०१६ तेव्हापर्यंतचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. तापमानवाढीचं खापर सूर्यावर फोडता येत नाही. सोलापूरचा मे तापतो तो डोक्यावरचा सूर्य आणि कोरडी जमीन यांमुळे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काच मुलांसमोरच हातोडीने फोडली, का ते सांगून. आज सकाळी पुठ्ठ्यावर दोन डाग दिसले. त्या एक्स-रेवाल्या मुलानेच पेन्सिलने त्यांच्या जागा खुणावल्या. उद्या ते किती सरकतात ते बघायचंय. त्यासाठी पुठ्ठ्यावर पूर्व-पश्चिम कशी ठरवायची?

प्रतिसाद १

दुर्बीण स्थिर ठेवा. बिंब आपोआप सरकत राहील, ते ज्या बाजूने पुठ्ठ्याबाहेर जाईल ती पश्चिम.