एसएसएच: फाइलमध्ये लिहिलेला पर्याय लागू का होत नाही?

एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं साधन. त्याचे पर्याय कमांड लाइनवर देता येतात किंवा कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवता येतात, आणि कमांड लाइनवर दिलेला पर्याय फाइलपेक्षा वरचढ ठरतो. पण अनेकांची तक्रार अशी असते की एखाद्या सर्व्हरसाठी फाइलमध्ये वेगळा युजर लिहूनही जुनाच लागू होतो. त्याचं कारण बहुधा ओळींच्या क्रमात आहे.

ओपनएसएसएच (एसएसएचचा सर्रास वापरला जाणारा प्रोग्राम) क्लायंट आधी कमांड लाइन बघतो, मग तुमच्या होम डिरेक्टरीतली कॉन्फिग आणि शेवटी अख्ख्या मशीनसाठीची. बहुतेक पर्यायांत जी व्हॅल्यू पहिली सापडते तीच टिकते. खालची ओळ वरचीला खोडत नाही. त्यामुळे 'होस्ट *' हा सगळ्या सर्व्हरना लागू होणारा ब्लॉक वर ठेवून त्यात युजर लिहिलात, तर खाली ठरावीक सर्व्हरसाठी लिहिलेला युजर वाया जातो. हा ब्लॉक कायम तळाशीच हवा. आयडेंटिटीफाइल, म्हणजे लॉगिनची की कुठल्या फाइलमध्ये आहे ते सांगणारा पर्याय, मात्र अपवाद! त्या कीज एकापुढे एक जमा होत जातात, आणि कमांड लाइनवर 'डॅश आय' लावून की दिली तरी फाइलमधल्या कीजही वापरून पाहिल्या जातात.

अंदाज बांधत बसू नका. एसएसएच, मग 'डॅश कॅपिटल जी' आणि होस्टचं नाव द्या. कनेक्शन न करताच, शेवटी लागू होणारे सगळे पर्याय समोर छापून येतात.

रोजच्या सर्व्हरसाठी मी फाइलच सुचवेन. पोर्ट द्यायला एसएसएचला स्मॉल पी लागतो, एससीपीला (एसएसएचवरून फाइल्स कॉपी करणारी कमांड) कॅपिटल. फाइलमध्ये एकदा लिहिला की दोघांनाही चालतो, गिटलासुद्धा. एखाद्या वेळच्या चाचणीला कमांड लाइनवर 'डॅश ओ' लावून फाइलमधला पर्याय देणं पुरेसं आहे.