मदत हवी आहे: बटलरच्या हिंकल फील्डहाउसचे जुने फोटो

नमस्कार मंडळी, इंडियानापोलिसमध्ये कोणी आहे का? आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बटलर विद्यापीठाच्या हिंकल फील्डहाउसवर लेख लिहितोय. 1928 साली, बटलर अगदी लहान कॉलेज असताना, त्यांनी 15,000 प्रेक्षक मावतील असं बास्केटबॉलचं सभागृह बांधलं. झेप जरा जास्तच होती, पण इंडियानात शाळांच्या अंतिम सामन्यालाही एवढी गर्दी व्हायची! 1954 मध्ये जेमतेम 161 मुलांच्या मायलन शाळेने मन्सी सेंट्रलला 32-30 असं हरवलं ते इथेच. शेवटच्या क्षणी बास्केट मारणारा बॉबी प्लम्प पुढे बटलरकडूनच खेळला.

हा सामना सगळ्यांनाच पाठ आहे, त्यामुळे मला त्यावर पानं भरायची नाहीत. महायुद्धात इथे सैनिकांची राहायची सोय केली होती, त्या काळाचे फोटो हवे आहेत. विद्यापीठाच्या लायब्ररीत कोणाला भेटावं? छापायची परवानगी सहज देतात का, पैसे पडतात का? आणि सामना नसेल त्या दिवशी आत सोडतात का? छताच्या लोखंडी कमानी मला खालून उभं राहून बघायच्यात. कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.