विषय: खेळासाठी हौद असलेले जेवणाचे टेबल करून घेण्याबाबत

प्रेषक: सभासद, नेपरव्हिल

सप्रेम नमस्कार.

शिकागोजवळच्या आमच्या घरी दर शुक्रवारी चार-पाच जण बोर्ड गेम खेळायला जमतात. डाव तीन-तीन तास चालतो, आणि तो ऐन रंगात असतानाच जेवणाची वेळ होत असल्यामुळे मांडलेला पट उचलून ठेवावा लागतो. म्हणून मध्यभागी हौद, म्हणजे खोलगट खण, असलेले टेबल एका स्थानिक सुताराकडून करून घेण्याचे मनात आहे. हौदातला डाव तसाच ठेवून वर फळ्या बसवल्या की पाने वाढता येतील. हौद आतून ३ फूट रुंद, ५ फूट लांब व ४ इंच खोल, टेबलाची उंची ३० इंच आणि लाकूड मेपलचे, असा आराखडा सुताराने दिला आहे. त्याच हौदात कॅरम बोर्डही बसावा, अशी माझी इच्छा आहे. ज्यांनी असे टेबल करून घेतले आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया कळवावा.

आपला,
एक सभासद

प्रेषक: सभासद, शॉमबर्ग

स. न.

आम्ही असे टेबल तीन वर्षांपूर्वी करून घेतले आणि त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

लाकूड, रंग, पायांचे नक्षीकाम यांत मन गुंतण्याआधी गुडघ्यांचा हिशेब करावा. तुमच्या ३० इंचांतून वरच्या फळ्यांचा पाऊण इंच, हौदाचे ४ इंच, तळाच्या प्लायवूडचा पाऊण इंच आणि त्याखालच्या आडव्या पट्टीचा दीड इंच वजा केला, तर जमिनीपासून २३ इंच उरतात. खुर्चीची बैठक साधारण १८ इंचांवर असते, म्हणजे मांड्यांसाठी फक्त ५ इंच राहिले. पाहुणा पहिल्या अर्ध्या तासात काही बोलणार नाही, पण तिसऱ्या तासाला तो खुर्ची मागे सरकवून तिरका बसलेला दिसेल. हौद अडीच इंच खोल केल्यास दीड इंच परत मिळतो, आणि तेवढ्या खोलीत पत्ते, फासे आणि बहुतेक सोंगट्या फळ्यांखाली सुखाने राहतात. ज्या खेळातली बाहुली उंच असतील, ती झाकण्यापूर्वी आडवी करावीत. टेबलच उंच करण्याचा मोह टाळावा, कारण मग जेवताना ताट छातीशी येते.

आता कॅरमबद्दल. खेळायचा भाग सुमारे ७४ सेंटिमीटर चौरस असतो आणि चारी बाजूंची लाकडी चौकट धरल्यास बोर्ड ८८ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम ३५ इंच भरतो. त्यामुळे तो तुमच्या ३ फुटी हौदात बसेल हे खरे. मात्र बसणे निराळे आणि खेळता येणे निराळे. हौदाचा काठ बोर्डाच्या चौकटीपेक्षा वर राहिला, तर मनगट अडते आणि स्ट्रायकर मारताच येत नाही. आम्ही खाली ठोकळे ठेवून बोर्ड वर उचलला, तेव्हा दुसरी अडचण पुढे आली. लांब बाजूंना बसलेल्या दोघांना हात थोडाच पुढे करावा लागतो, परंतु ५ फूट लांबीच्या हौदात बोर्ड मधोमध ठेवल्यास टोकांकडच्या दोघांच्या पुढ्यात साडेबारा इंचांची मोकळी जागा आणि शिवाय ४ इंच रुंदीचा काठ येतो. एका टोकाला सरकवला, तर दुसऱ्या टोकाचा भिडू राणीकडे नुसते बघत बसतो! चौघांचा डाव होत नसेल तर कॅरम कशाला, असे माझे मत आहे. त्याला त्याचे स्वतंत्र, बुटके स्टँड असू द्यावे.

आमची सर्वांत महागात पडलेली चूक फळ्यांची होती. टेबल फेब्रुवारीत घरी आले. घरातील हीटिंगमुळे हवा अगदी कोरडी होती आणि मेपलच्या भरीव फळ्या काठोकाठ बसल्या, याचे आम्हाला केवढे कौतुक वाटले होते. जुलैच्या दमट हवेत प्रत्येक फळी किंचित फुगली आणि चारांची वाढ मिळून अर्ध्या इंचावर गेली, तेव्हा शेवटची फळी काही केल्या बसेना. लाकूड त्याच्या अंगच्या रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, ते आडवे वाढते. तुमच्या आराखड्यात फळ्या टेबलाच्या रुंदीभर ठेवून एकाशेजारी एक लावायच्या असतील, तर त्यांची सगळी वाढ टेबलाच्या लांबीत जमा होणार. म्हणून एक तर टोकाला मोकळी फट ठेवायला सांगावे, किंवा फळ्या व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेल्या प्लायवूडच्या करून फक्त कडा भरीव लाकडाच्या ठेवाव्यात. आम्ही नंतर दुसरा मार्ग पत्करला.

फळ्यांना नुसते तेल न लावता टणक पॉलियुरेथेनचा लेप द्यावा. वरणाचा डाग फिकट मेपलवर फार उठून दिसतो. हौदाच्या तळाशी निओप्रीन या कृत्रिम रबराचा मऊ थर उत्तम. त्यावर पत्ता नखाने सहज उचलला जातो आणि फाशांचा आवाज होत नाही, फक्त तो चिकटवून न घेता सुटा ठेवावा, म्हणजे धुता येतो.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. या प्रकारची टेबले करणारी गीक शिक ही सिएटलजवळची नावाजलेली कंपनीसुद्धा २०१७ साली बंद पडली, तेव्हा एकट्या कारागिराला पूर्ण रक्कम आगाऊ देणे मला योग्य वाटत नाही.

कळावे,
एक सभासद

प्रेषक: सभासद, नेपरव्हिल

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचून काल जुन्या टेबलाखाली २३ इंचांवर पुठ्ठा बांधून पाहिला. मी कसाबसा बसलो, पण आई खुर्चीवर मांडी घालून बसते आणि तिचे गुडघे पुठ्ठ्याला लगेच टेकले. सुताराला हौद अडीच इंच, फळ्या प्लायवूडच्या आणि पट्टी फक्त टोकांना, असे कळवले आहे. कॅरमचा हट्ट सोडला. आपल्या सोयीने एखाद्या शनिवारी टेबल पाहायला आलो तर चालेल का? आईलाही घेऊन येईन, म्हणजे खुर्चीची उंची तिथेच ठरवता येईल.

आपला,
एक सभासद