गेंगाणा आवाज: फुगे फुगवून दोन महिने झाले, स्पीच थेरपीने खरंच फरक पडतो का?

घंटीदोरी:

नमस्कार मंडळी. मी २९ वर्षांची, एसटीत वाहक आहे. बहुतेक ड्युटी कराड-पाटण रस्त्यावर असते. लहानपणापासून माझा आवाज नाकातून येतो. शाळेत मला काय काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही.

मल्हारपेठ, नवारस्ता ही नावं मी पुकारली की शेवटच्या बाकापर्यंत कळतात. सुपने आणि पाटण कळत नाहीत. पाटणचं ‘माटण’ होतं. ‘सुट्टे पैसे द्या’ हे दिवसभरातलं माझं सगळ्यात अवघड वाक्य, कारण ‘स’ म्हणायला गेले की वारा नाकातून निघून जातो आणि तोंडात काही उरतच नाही. हल्ली निम्मं काम मी हातवाऱ्यांवर भागवते.

गेल्या महिन्यात एका आजींना मी दोनदा सांगितलं की तुमचा थांबा पुढचा आहे. त्यांना कळलं नाही, भर पावसात त्या अलीकडेच उतरल्या. गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं. बेल मारून गाडी थांबवली, मागे पळत जाऊन त्यांना परत आणलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला रात्री झोप लागली नाही. आजवर मी लाजेपायी गप्प होते. आता वाटतं, यावर काहीतरी केलंच पाहिजे.

आई सांगते, मी अंगावर पीत होते तेव्हा दूध नाकातून यायचं. घाईत चहा प्यायले तर आजही कधीकधी नाकात चढतो. आठव्या वर्षी घोरणं फार वाढलं म्हणून एका दवाखान्यात अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) काढले. घोरणं थांबलं, पण आवाज आधी थोडासा नाकात होता तो पूर्णच नाकात गेला. महिनाभरात बसेल म्हणाले होते. त्याला २१ वर्षं झाली.

वेखंड उगाळून झालं, ओंकार झाला, सकाळी शंख फुंकून झाला. आता दोन महिने एका ठिकाणी थेरपीला जाते. तिथे फुगा फुगवायचा, मेणबत्ती विझवायची, शिट्टी वाजवायची असे व्यायाम देतात. आठ वेळा जाऊन आले, घरीही रोज करते. फुगा आता झकास फुगतो. ‘पाटण’ होतं तिथंच आहे. माझं करणं कमी पडतंय, की हे सुधारण्यातलं नाहीच?

रानजाई:

ताई, धीर सोडू नका. माझाही आवाज नाकात होता. मी ‘मामा’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘बाबा’ वाटायचं. तपासणीत नाकात मांस वाढलेलं निघालं. आधी औषधं, मग छोटं ऑपरेशन आणि आवाज मोकळा झाला. वाफ घ्या, नाक साफ ठेवा, भ्रामरी करा.

टाळूचा_पडदा:

मी पुण्यात १४ वर्षं वाचा-उपचाराचं काम करते. ताई, आधी एक सांगते. तुमचं करणं कमी पडत नाहीये.

रानजाईंचा अनुभव खरा आहे, पण त्यांचा त्रास तुमच्या बरोबर उलटा होता. आपण दोन्हींना ‘गेंगाणा’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. त्यांचं नाक बंद होतं, म्हणून म चा ब व्हायचा. तुमचा प चा म होतो, म्हणजे नाकाकडे जाणारी वाट बोलताना उघडीच राहते. त्यावर वाफेचा काही उपयोग नाही.

ती वाट कशी बंद होते बघा. टाळूवरून जीभ मागे नेली की कडक भाग संपून मऊ भाग लागतो, त्याच्या टोकाला पडजीभ. म, न, ण म्हणताना हा मऊ भाग खाली लोंबतो आणि आवाज नाकात जातो. प, ट, क, स म्हणताना तो उचलला जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो. दार लागतं, वारा तोंडात कोंडतो आणि अक्षर फुटतं. तुमचं मल्हारपेठ म, ल, र वरूनच ओळखू येतं आणि सुपने कळत नाही, याचं उत्तर इथे आहे.

घरी दोन गोष्टी करून बघा. ‘काका, पाच पोती काढा’ असं एकदा नाक मोकळं ठेवून म्हणा, एकदा चिमटीत धरून. या वाक्यात नाकातलं एकही अक्षर नाही, त्यामुळे दार नीट लागत असेल तर दोन्ही वेळा सारखंच ऐकू येतं. नाक दाबल्यावर आवाज बदलला, तर वारा वर जातोय. मग छोटा आरसा नाकाखाली धरून ‘पा पा पा’ म्हणा आणि त्यावर वाफ धरते का बघा.

आता फुग्याबद्दल. हा सल्ला आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं चालत आला, अजूनही दिला जातो, आणि मला त्याचं वाईट वाटतं. फुंकताना मऊ टाळू जशी हलते तशी बोलताना हलत नाही. फुंकण्याची कितीही ताकद आली तरी ती बोलण्यात उतरत नाही. तुमचा फुगा झकास फुगतो आणि पाटण तिथंच राहतं, हे तुम्ही स्वतःच सिद्ध केलंत.

खरा प्रश्न असा आहे की दार लागू शकत नाही, की लागू शकतं पण तशी सवय नाही. सवयीचा भाग थेरपीने बदलतो. पण टाळू आखूड असेल किंवा आतले स्नायू जुळलेलेच नसतील, तर कितीही थेरपी केली तरी फट बुजत नाही. नाकातून येणारं दूध आणि अ‍ॅडेनॉइड काढल्यावर बिघडलेला आवाज, हे वाचून मला शंका येते की तुमचं दार लागूच शकत नसावं. काही मुलांची टाळू वरून अखंड दिसते, पण आत स्नायूंना चीर असते. लहानपणी मागच्या भिंतीवरचे अ‍ॅडेनॉइड गादीसारखे पुढे आलेले असतात, त्यामुळे अपुरी टाळूही त्यांना टेकून कशीबशी भागवते. गादी काढली की फट उघडी पडते. म्हणून अ‍ॅडेनॉइड काढण्याआधी टाळू आणि पडजीभ नीट बघायची असते. टॉर्च लावून आरशात बघा: पडजिभेला दोन टोकं आहेत का? मऊ टाळूच्या मधोमध निळसर पातळ रेघ दिसते का? नुसती दुभंगलेली पडजीभ अगदी चांगल्या आवाजाच्या माणसातही असते, त्यामुळे ती दिसली तर घाबरू नका.

पक्कं निदान दुर्बिणीने होतं. बारीक लवचीक दुर्बीण नाकातून घालतात, तुम्ही जाग्या असता, बोलत राहता आणि दार कुठे उघडं राहतं ते पडद्यावर दिसतं. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अलियावर जंग राष्ट्रीय संस्था आहे (१९८३ पासून), नायर रुग्णालयात वाचा-उपचाराचा विभाग आहे, पुण्यात भारती विद्यापीठात आहे. ही तपासणी कुठल्या दिवशी होते, की दुसरीकडे पाठवतात, ते निघण्याआधी फोनवर विचारा. टाळूच्या शस्त्रक्रिया करणारे प्लास्टिक सर्जन आणि थेरपिस्ट एकत्र बसून बघतील अशी जागा मिळाली तर सगळ्यात चांगलं. थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का हे जरूर विचारा. त्यात संकोच कसला.

इथे आणखी कोणी वाचत असेल तर: ज्यांचा आवाज मोठेपणी अचानक नाकात गेला, आणि सोबत गिळायला त्रास किंवा पापण्या जड होणं असेल, त्यांनी थेरपीची वाट न बघता लगेच मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावं.

तिरफळ:

माझं थोडं वेगळं, पण सांगते. आम्ही रत्नागिरीकडचे. आजी ‘घरांत’, ‘कां’, ‘नाहीं’ हे सगळं नाकातून म्हणायची. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे अनुस्वार कागदावरून गेले, तिच्या तोंडून गेले नाहीत. पुण्यात नोकरीला आले तेव्हा मलाही कोणीतरी थेरपी सुचवली होती. थेरपिस्टनी तपासलं आणि म्हणाल्या, ‘तुमचे प, ट, स खणखणीत आहेत. ही तुमच्या घरची बोली आहे, दोष नाही.’ मी तशीच बोलते. तुमचं तसं नाही हे कळतंय, पण कोणी कोकणातलं हे वाचून घाबरू नये म्हणून लिहिलं.

दुसरा_टाका:

ताई, माझी टाळू जन्मतःच फाटलेली. पहिलं ऑपरेशन वर्षाचा असताना झालं, दुसरं २२ व्या वर्षी, कारण बोलताना फट राहत होती. दुसऱ्या वेळी घशाच्या मागच्या भिंतीची पट्टी घेऊन टाळूला जोडली. काही महिने घोरत होतो, नंतर कमी झालं. घोरणं वाढू शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तुम्हीही विचारून घ्या.

ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ बोलायला लागलो, असं झालं नाही. दार दुरुस्त झालं होतं, पण जिभेला आणि गळ्याला जुनीच वाट माहीत होती. मी क तोंडात न म्हणता गळ्यात आवाज तोडून म्हणायचो. ते सोडवायला सात महिने थेरपी लागली. त्यात फुगा एकदाही नव्हता. एक रबरी नळी होती, एक टोक नाकाशी आणि दुसरं माझ्याच कानाशी. ‘पा’ म्हणताना नाकातून वारा गेला की कानात फुस्स ऐकू यायचं, मग तो आवाज येणार नाही असं म्हणायला शिकायचं.

माझा स कसा आला सांगतो. मॅडम म्हणाल्या, आपला ‘पाच’ मधला च म्हणजे त आणि स एकत्रच की. दात मिटून ‘पाच’ म्हण आणि शेवट लांबव. आधी नाक चिमटीत धरून, मग सोडून. ‘पाच्स्स्स’. तिसऱ्या आठवड्यात चिमटी सोडल्यावरही स तोंडातूनच आला. मी तो दिवसभर म्हणत होतो. दुकानात साखर मागितली, सोडा मागितला, साबण मागितला, गरज नसताना.

घंटीदोरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ड्युटीवरून आल्यावर आरसा घेऊन बसले. ‘पा पा पा’ म्हटलं तर आरसा पूर्ण धुरकट. काका आणि पोती नाक दाबून वेगळे ऐकू आले, नवऱ्यालाही. मग मोबाईलची टॉर्च लावून तोंडात बघितलं. पडजिभेला दोन टोकं आहेत. २९ वर्षांत मी आत कधी बघितलंच नव्हतं, आणि कोणी बघून मला सांगितलंही नाही. थोडं रडू आलं, पण मोकळंही वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं की मीच आळशी, मीच नीट बोलत नाही.

फुग्याचं बंद केलं. साप्ताहिक सुट्टीला जोडून एक रजा टाकली आहे, पुण्याला जाऊन येते.

आता एक तातडीचं. माझ्या दादाचा मुलगा पाच वर्षांचा आहे. घोरतो म्हणून पुढच्या आठवड्यात त्याचे अ‍ॅडेनॉइड काढायचे ठरलेत. त्याचंही माझ्यासारखं असू शकतं का?

टाळूचा_पडदा:

असू शकतं, हे घराण्यात येतं. वहिनींना त्याची पडजीभ बघायला सांगा आणि लहानपणी दूध नाकातून यायचं का ते विचारा. ठीक दिसलं तरी डॉक्टरांना तुमची हकीकत ऑपरेशनच्या आधी सांगा. चीर असली तरी ऑपरेशन रद्दच होतं असं नाही, काही वेळा वरचा थोडा भागच काढतात. पण ते आधी माहीत हवं.

घंटीदोरी:

वहिनीने सकाळी बघितलं. त्याची पडजीभ एकच आहे, दूधही कधी नाकातून आलं नव्हतं. तरी सोमवारी दादा डॉक्टरांना भेटायला निघालाय आणि मी पण सोबत जातेय. ते म्हणतील तर माझं तोंड उघडून दाखवते.